थंडीत उसाच्या रसाचा शिरका: ऊब फक्त पाच-सहा रात्रींची

उसाला गोडी चढते ती थंडीतच. रात्र गार आणि दिवस कोरडा, उन्हाचा झाला की उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठत जाते. म्हणून आमच्या बेळगाव-खानापूर-चिकोडी पट्ट्यात संक्रांतीच्या आगंमागं काढलेल्या रसाला जी चव असते, ती दिवाळीच्या रसाला नसते. शिरका, म्हणजे व्हिनेगर, करायचा तर याच रसाचा. पण ज्या यीस्टच्या जिवावर हे सगळं व्हायचं, त्याला नेमकी हीच थंडी सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत इकडं दुपारी पारा 28-29 पर्यंत चढतो आणि पहाटे 13-14 वर, कधी त्याच्याही खाली उतरतो. चांगला रस आणला, बरणीत भरला, यीस्ट टाकलं आणि आठवडा झाला तरी बुडबुडा नाही, अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडं येतात ती याच दिवसांत.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचे ब्रिक्स आणि पोल, म्हणजे त्यात साखर किती ते सांगणारे आकडे, काढण्यात गेली. ‘अंदाजानं घाला’ असं सांगणं मला जमत नाही, त्यामुळं खाली आकडे जरा जास्त दिसतील. शिरक्याचं वेड मात्र लॅबमधलं नव्हे. खानापुरात आमच्या गल्लीत गोव्याकडून आलेली ख्रिस्ती घरं आहेत. त्यांच्या विंदालूला आणि सोरपोतेलला माडाच्या सुरेचं व्हिनेगर लागतं, आणि ते चोर्ल्याच्या घाटातून कुणी येणार असेल तरच हाताला लागायचं. शेजारच्या आंटी म्हणाल्या, ‘तुमच्याकडं एवढा ऊस, त्याचं होत नाही का?’ होतं की. फिलिपिन्समध्ये इलोकोस भागात उसाच्याच रसाचा शिरका करतात. आंटींच्या घरी तो मांसाला जातो, आमच्याकडं कांदा-गाजर-मिरची मुरवायला.

रसाचा शिरका होताना दोन कामं होतात. आधी यीस्ट साखरेची दारू करतं. त्या वेळी हवा नको. मग अ‍ॅसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात. त्यांना हवेशिवाय चालत नाही. यीस्टला 25 ते 28 अंश मानवतात, या जिवाणूंना 28 ते 30. दोन्हीच्या मध्ये गाळ खाली बसायचा काळ असतो आणि त्याला थंडीच लागते. आता हे आपल्या ऋतूंवर बसवून बघा. ऊब द्यायची ती पहिल्या पाच-सहा रात्री. पुढचा गाळ जानेवारीची उरलेली थंडी बसवून देते आणि शिवरात्रीनंतरचं ऊन शिरका करून देतं. सगळा हिवाळा हीटर लावून बसणारे उगाच बिल भरतात.

रस

रसवंतीवर गेल्या गेल्या सांगायचं: बर्फ नको, लिंबू नको, आलं नको. सकाळी घाणा धुतल्यावरचा पहिला रस मागा. तो तासा-दीड तासात गॅसवर चढला पाहिजे. कच्च्या रसात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान तयार करतात. कारखान्यात शिळ्या उसाला सगळे घाबरतात ते याच्यापायी. घरी तो रसाला तार सुटल्यावर कळतो. तार सुटलेला रस कितीही गोड लागला तरी शिरक्याला घेऊ नका.

उकळी फुटायच्या आधीच वर हिरवट-काळी मळी जमते. ती झाऱ्यानं काढत राहायची. गुऱ्हाळात मळी धरायला रानभेंडीचा चिकट रस घालतात. घरी भेंडीची चार-पाच देठं ठेचून पाण्यात चोळून ते पाणी ओतलं तरी मळी गोळा होऊन वर येते. 10 मिनिटं उकळला की पुरे, आपल्याला काकवी करायची नाही.

मग ब्रिक्स. हातात धरून डोळ्याला लावायचा ब्रिक्स मीटर द्राक्षबागवाल्यांकडं हमखास असतो, अथणीकडं पाहुणे असले तर मागून आणा. रस गार झाल्यावर एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडं बघायचं. जानेवारीत 86032 जातीच्या उसाचा रस 18 ते 20 दाखवतो. तो तसाच आंबवला तर दारू 10 टक्क्यांच्या घरात जाते आणि पुढचे आम्ल करणारे जिवाणू तिच्यातच गुदमरतात. आपल्याला 12 ब्रिक्स पाहिजे. म्हणजे 18 च्या रसाचे दोन भाग आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा एक भाग. 12 ब्रिक्समधून साधारण साडेसहा टक्के दारू होते आणि तिच्यातून 5 टक्क्यांच्या आसपास आम्ल. मीटर नसला तर डोळे झाकून दोनास एक.

उसाच्या रसाचा सामू (pH) 5 च्या वर असतो आणि तो नको त्या जिवाणूंनाही आवडतो, म्हणून लिटरला एका लिंबाचा रस पिळायचा. या रसात साखर भरपूर, पण यीस्टच्या वाढीला लागणारा नायट्रोजन बेताचा. त्यासाठी 10 लिटरला मूठभर काळ्या मनुका चिरून टाका. गंधकाची धुरी दिलेले पिवळे बेदाणे नकोत आणि काळ्या मनुकाही कोमट पाण्यात खळखळून धुवायच्या, कारण सुकवताना त्यांना तेल लावलेलं असतं.

रस मिळत नसेल तर गूळ चालतो, लिटर पाण्याला 150 ग्रॅम. पण काळपट, बिनपावडरीचा. पिवळाधमक गूळ हायड्रॉस नावाची रंग उजळायची पावडर मारून केलेला असतो आणि त्यातला गंधक यीस्टला बाधतो.

यीस्ट उठवणं

किराणा दुकानात बेकरीचं कोरडं यीस्ट मिळतं, तेच घ्या. लिटरला 1 ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात साधारण 3 ग्रॅम बसतं. थंडीत हे यीस्ट सरळ रसावर भुरभुरायचं नाही. एका पेल्यात 36-38 अंशांचं पाणी घ्यायचं, म्हणजे बोट घातलं तर गरमही लागत नाही आणि गारही लागत नाही असं. त्यात चमचाभर साखर आणि वर यीस्ट पसरायचं. ढवळायचं नाही. पाचेक मिनिटांत दाणे फुगून खाली जायला लागतात, खालून तपकिरी ढग वर येतो आणि 10-15 मिनिटांत पेल्यावर बोटभर फेस चढतो, ताज्या पावाचा वास सुटतो. फेस चढला नाही तर यीस्ट मेलेलं आहे. ते टाकून द्या, रसात घालून नशीब बघू नका. पाणी 45 च्या वर गेलं तरी ते मरतंच.

इथं थंडीतला पहिला बारकावा. पेल्यातलं यीस्ट 35 अंशांवर आणि टाकीतला रस 15 वर असला, तर त्या धक्क्यानं निम्मं यीस्ट गारठतं. दोघांत 10 अंशांपेक्षा जास्त फरक नको. सोपं म्हणजे उकळलेला रस पूर्ण गार होऊच द्यायचा नाही, 30 वर आला की यीस्ट घालायचं. तेवढ्यात तो निवला असेल तर पेल्यात त्यातलाच चमचा-चमचा रस घालत यीस्टला हळूहळू गारव्याची सवय करायची.

भांडं म्हणून 20 लिटरचा पाण्याचा जार उत्तम. 15 लिटरच भरायचा, कारण फेस वर येतो. झाकणाला भोक पाडून मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी बसवायची आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवायचं. आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. झाकण घट्ट लावून नळी विसरलात तर जार फुटतो, हे लक्षात असू द्या. काच नसली तर खाण्याच्या दर्जाचं प्लॅस्टिक चालेल. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम मात्र शेवटपर्यंत लांब.

ऊब

पहिली गोष्ट, थर्मामीटर खोलीत नाही, जारला लावायचा. मत्स्यालयाच्या दुकानात चिकटवायची पट्टी मिळते, ती जारच्या अर्ध्या उंचीवर लावून वरून कापडाची घडी बांधा म्हणजे खोलीची हवा तिला फसवत नाही. आंबताना रस स्वतः गरम होतो. जोरात चालू असेल तेव्हा खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त. ही ऊब फुकटची आहे, ती धरून ठेवणं हेच निम्मं काम.

दुसरी गोष्ट, जमीन. शहाबादी किंवा कडप्प्यावर जार ठेवला की बुडातून ऊब निघून जाते. लाकडी पाट घाला, त्यावर दोन पोती. आमचं घर जांभ्याचं, भिंती जाड आणि वर मंगळुरी कौलं. दुपारी ऊन चढलं तरी आतली खोली पहाटेचीच थंडी धरून असते. बाहेर 28 अंश आहेत म्हणून खोलीतही असतील असं धरू नका. नवीन स्लॅबच्या घरांत उलटं, दुपारी तापतात आणि रात्री झपाट्यानं निवतात. यीस्टला एकवेळ कायमचे 20 अंश चालतील, पण दिवसा 28 आणि पहाटे 14 अशी झुलवाझुलव चालत नाही. ते तळाला जाऊन बसतं आणि मग दुपारच्या उन्हानंही उठत नाही.

विजेशिवायचा उपाय म्हणजे भाताचा तूस. गिरणीत पोतंभर सहज मिळतो. मोठा लाकडी खोका किंवा बंद पडलेला फ्रिज आडवा करून घ्यायचा, तळाला वीतभर तूस, मध्ये जार, चारी बाजूंनी वीतभर तूस दाबून भरायचा. बाजूला दोन लिटरच्या दोन बाटल्यांना जागा ठेवायची. रात्री निजायच्या आधी त्यांत बंबातलं कढत पाणी भरून त्या जारपासून बोटभर अंतरावर उभ्या करायच्या आणि वरून गोधडी. जार आधीच 26 वर असला तर पहाटेपर्यंत दोन-तीन अंशच उतरतो. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, वापरायचा मोह होतो, पण पिंजरात उंदीर येतात आणि नळी कुरतडतात. तूसच बरा.

वीज वापरायची असेल तर बल्ब नको. खोक्यात बल्ब लावला की त्याच्या बाजूचा रस तापतो, पलीकडचा गारच राहतो, वर तूस आणि पोती पेटायची भीती. त्याऐवजी मोठ्या टबात जार ठेवा, रसाच्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि पाण्यात मत्स्यालयाचा 100 वॅटचा हीटर 26 वर लावून सोडा. एवढं पाणी एकदम तापत नाही आणि एकदम निवतही नाही, रात्री तासभर वीज गेली तरी काट्यात फरक दिसत नाही. हीटर पूर्ण बुडालेला पाहिजे आणि टबात हात घालायच्या आधी प्लग काढलेला. पोरंबाळं असतील तिथं टबावर फळी टाका.

चुलीजवळ किंवा न्हाणीघरात बंबाशेजारी जार ठेवणारे बरेच आहेत. सकाळी दोन तास भाजतो आणि बाकी दिवस गारठतो, मला ते पटत नाही.

25-28 अंशांवर पहिल्या रात्रीच बुडबुडे सुरू होतात आणि पाच-सहा दिवसांत थांबत येतात. 18-20 वर ठेवलंत तरी होतं, फक्त दोन आठवडे धरा. संपलं की नाही हे ब्रिक्स मीटरनं बघू नका, दारू झाली की तो चुकीचं वाचतो. रसाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर घ्या. सुरुवातीला 1.048 च्या आसपास असतो, संपताना 1.000 किंवा थोडा खाली. दोन दिवस एकाच आकड्यावर राहिला की काम झालं. 1.020 वरच अडकला असेल तर साखर उरली आहे आणि यीस्ट झोपलंय. अशा वेळी वरून आणखी कोरडं यीस्ट ओतून फायदा नाही. जार 26 वर आणा, हलकेच हलवून गाळ वर उठवा, एक दिवस वाट बघा. नाहीच हललं तर पेल्यात नवीन यीस्ट उठवून, त्यात जारमधला रस थोडा थोडा मिसळून तो पेला फेसाळला की मगच जारमध्ये घाला.

थंडी आता कामाला लावा

बुडबुडे थांबले की तूस, हीटर सगळं काढून टाका. या टप्प्यावर जारमध्ये आहे ती दारूच आहे, आणि परवान्याशिवाय दारू करणं आपल्याकडं गुन्हा आहे. ती तशी ठेवायची नाही. लगेच, चार भाग रसाला एक भाग या हिशेबानं, जिवंत शिरका मिसळून टाकायचा: बाजारात ‘मदर’सकट, म्हणजे शिरक्याच्या जिवाणूंच्या पापुद्र्यासकट, मिळणारा न गाळलेला सफरचंदाचा शिरका, किंवा कुणाकडचा घरचा. पिण्याजोगं ते राहत नाही, आणि या आम्लामुळं दुसरे जिवाणू शिरकावही करत नाहीत. मग जार गळ्यापर्यंत भरून, नळी तशीच ठेवून, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. आमच्याकडं तो कोपरा मागच्या पडवीत आहे. हवा नाही आणि ऊब नाही म्हणून शिरक्याचं काम सुरू होत नाही, पण यीस्ट आणि मळी यांचा साका मात्र थंडीनं घट्ट बसतो. महिनाभरात वरचं पाणी चहासारखं नितळ होतं. उन्हाळ्यात करणाऱ्यांना ही नितळाई गाळण्या लावून मिळवावी लागते.

शिवरात्रीनंतर

साका हलू न देता वरचं नळीनं काढून रुंद तोंडाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत घ्या. बरणी अर्धी किंवा फार तर दोन-तृतीयांश भरायची, जितका पृष्ठभाग रुंद तितकं काम लवकर. जुन्या चिनी मातीच्या बरणीचा लेप तडकलेला असेल तर ती नको. तोंडावर दुहेरी मलमल ताणून बांधा, चिलटं वासावर येतात आणि साध्या जाळीतून आत जातात. उजेड नको, हलवाहलव नको. 15 अंशांखाली हे जिवाणू जवळजवळ काहीच करत नाहीत, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला घाई करण्यात अर्थ नाही. मार्चच्या उन्हात पंधरा दिवसांत वर पातळ, ओलसर, चकचकीत पापुद्रा धरतो आणि तो हळूहळू जाड होतो. तो काढायचा नाही, बुडवायचाही नाही. कोरडी, सुरकुतलेली पांढरी साय आली तर ती दुसऱ्या यीस्टची असते, चमच्यानं काढून टाका. लोकरीसारखी हिरवी-काळी बुरशी आली तर मात्र सगळी बरणी ओतून द्या. चव चाखून निर्णय घेण्यासारखा तो प्रसंग नाही.

सहा ते दहा आठवडे लागतात, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास तयार. नेलपॉलिशसारखा वास मध्येच येतो, तो बहुधा आपोआप जातो. जिभेवर झणका बसला आणि दारूचा वास संपला की बघायचं आम्ल किती झालं ते. सामूची पट्टी याला उपयोगाची नाही, ती 3 दाखवेल पण आम्ल 2 टक्के आहे की 5 हे सांगणार नाही. कॉलेजात शिकणारं कुणी घरात असेल तर त्याच्याकडून मोजून घ्या: 2 मिली शिरका, 20 मिली डिस्टिल्ड पाणी, फिनॉफ्थॅलीनचे दोन-तीन थेंब, आणि वरून एन/10 कॉस्टिक सोडा, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत. जितके मिली लागले त्याला 0.3 नं गुणा, तेवढे टक्के आम्ल. 15 मिली लागले तर साडेचार टक्के. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात आंबवून केलेल्या शिरक्यात निदान 3.75 टक्के आम्ल लागतं. मोजलं नसेल तर कोशिंबिरीला, मांस मुरवायला खुशाल वापरा, पण वर्षभर टिकवायच्या लोणच्यात घालू नका.

दारू संपल्यावरही बरणी उघडी राहिली तर तेच जिवाणू आम्ल खायला लागतात आणि शिरका पांचट होतो. म्हणून तयार झाला की गाळून, 65-70 अंशांपर्यंत स्टीलच्या भांड्यात गरम करून, बाटल्या काठोकाठ भरायच्या आणि प्लॅस्टिकचं बूच लावायचं. लोखंडी बूच गंजतं. पापुद्रा आणि लिटरभर शिरका मात्र गरम न करता वेगळा ठेवा, फडकं बांधून. पावसाळ्यात तो सुस्त पडतो. दोन महिन्यांनी पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर गूळ विरघळवून, त्याच पद्धतीनं आंबवून त्याला घाला, म्हणजे पुढच्या संक्रांतीला बाजारातली बाटली आणावी लागणार नाही.